स्पाइक गार्ड असूनही टीव्ही का जळतो? सर्ज प्रोटेक्टर घेण्याआधी हे तपासा

डिजिटल डेस्क, अहिल्यानगर : दुपारभर उकाडा. चारनंतर आभाळ भरून येते, वारा सुटतो आणि पहिल्याच कडकडाटाबरोबर लाइट जाते. तासाभराने लाइट येते, पंखा फिरायला लागतो. पण टीव्हीचा लाल दिवा काही लागत नाही. वाय-फायचा राउटरही गप्प. मे-जूनमधला वळवाचा पाऊस आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, या दोन हंगामांत नगरच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांत हीच तक्रार ऐकू येते. सोबत एक प्रश्नही असतो : ‘आमचा टीव्ही तर स्पाइक गार्डला लावलेला होता, मग गेला कसा?’

या प्रश्नाचे उत्तर माहीत नसेल, तर नवा स्पाइक गार्ड घेऊनही पैसे वायाच जातील.

थोडक्यात

• उपकरणे तीन कारणांनी जळतात : क्षणिक झटका म्हणजे सर्ज, बराच वेळ टिकणारे जास्त व्होल्टेज आणि कमी व्होल्टेज. सर्ज प्रोटेक्टर फक्त पहिल्यावर चालतो.
• अर्थिंग नसेल तर महागडा सर्ज प्रोटेक्टरही अर्धेच काम करतो.
• न्यूट्रल तुटल्यावर येणाऱ्या ‘हाय व्होल्टेज’साठी वेगळे उपकरण लागते.

सर्ज म्हणजे नेमके काय?

आपल्या घरात २३० व्होल्टचा पुरवठा येतो. नियमानुसार त्यात साधारण ६ टक्के वर-खाली चालते, म्हणजे २१६ ते २४४ व्होल्ट. सर्ज म्हणजे या पुरवठ्यावर अचानक येणारा उंच पण अतिशय छोटा झटका. तो काही मायक्रोसेकंद टिकतो. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एवढ्या वेळात व्होल्टेज काही हजारांवर जाऊन खाली येते. बल्ब लुकलुकत नाही, डोळ्यांना काहीच दिसत नाही; पण टीव्हीच्या बोर्डावरची चिप तेवढ्यात जाते.

हा झटका दोन ठिकाणांहून येतो. पहिले ठिकाण आकाश. जमिनीवर कोसळणाऱ्या विजेचा प्रवाह साधारण ३० हजार अँपिअरच्या घरात असतो. ती तुमच्या घरावरच पडायला हवी असे नाही. काही अंतरावरच्या झाडावर किंवा खांबावर पडली, तरी आसपासच्या तारांत झटका तयार होतो आणि तारेवरून घरात शिरतो.

दुसरे ठिकाण आपल्याच आजूबाजूला असते. बोअरवेलची मोटर, सोसायटीची लिफ्ट, फ्रिज आणि एसीचा कॉम्प्रेसर बंद-चालू होताना लहान झटके देतात. राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, कोपरगावच्या ऊसपट्ट्यात तर एकाच लाइनवर कितीतरी कृषिपंप असतात. लाइट आली की ऑटो स्विचमुळे ते एकदम सुरू होतात. तेव्हा आधी व्होल्टेज कोसळते, मग वर येते. लहान झटक्यांनी उपकरण लगेच जळत नाही, पण त्याचे आयुष्य कमी होत जाते.

‘एमसीबी आहे की’ असे अनेक जण म्हणतात. एमसीबी जास्त प्रवाह आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. तो पडायला काही मिलिसेकंद तरी लागतात. सर्जचे काम त्याच्या कितीतरी आधी उरकलेले असते.

न्यूट्रल तुटले तर? हा आजार वेगळा

‘डीपीवर न्यूट्रल तुटला आणि गल्लीतले सगळे टीव्ही गेले’ हे वाक्य नगर जिल्ह्यात कोणी ऐकलेले नाही असे होणार नाही. हा सर्ज नसतो. यात जास्त व्होल्टेज काही सेकंद, काही मिनिटे, कधी तासभरही टिकते.

ते कसे घडते? डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. घरांना एकेक फेज आणि सगळ्यांचा सामाईक न्यूट्रल मिळतो. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल तुटला, की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांना जोडल्यासारखी होतात आणि हे ४०० व्होल्ट आपापसांत वाटून घेतात. वाटणी मात्र समान होत नाही.

समजा, दोन वेगळ्या फेजवर दोनच घरे आहेत. एका घरात १,००० वॅटची इस्त्री चालू आहे, दुसऱ्यात १०० वॅटचा टीव्ही. न्यूट्रल तुटताच इस्त्रीला जेमतेम ३६ व्होल्ट मिळतील आणि टीव्हीला तब्बल ३६४. ज्याच्या घरी लोड कमी, त्याच्याकडे व्होल्टेज जास्त. रात्री एक टीव्ही आणि दोन एलईडी दिवे चालू असलेल्या साध्या घराचे नुकसान जास्त होते ते यामुळेच.

३६४ व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर ५१५ व्होल्टपर्यंत जाते. टीव्ही, चार्जर, एलईडी दिव्यांच्या आत साधारण ४०० किंवा ४५० व्होल्टचे कपॅसिटर असतात. ते फुटतात. ‘फट्’ असा आवाज आणि जळका वास येतो तो त्यांचाच.

अशा वेळी सर्ज प्रोटेक्टर वाचवू शकत नाही. उलट तो स्वतः तापतो, आणि हलक्या दर्जाचा असेल तर पेटूही शकतो. कारण त्याच्या रचनेत आहे.

सर्ज प्रोटेक्टरच्या आत काय असते?

आत नाण्याएवढी, बहुधा निळी किंवा पिवळी चकती असते. तिला एमओव्ही म्हणतात. ती मुख्यतः झिंक ऑक्साइडची असते. नेहमीच्या व्होल्टेजला ती वीज वाहू देत नाही. व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेले, की काही नॅनोसेकंदांत ती वाट मोकळी करते आणि झटक्याची ऊर्जा स्वतःतून दुसऱ्या तारेकडे किंवा अर्थिंगकडे वळवते. झटका संपला की पुन्हा वाट बंद.

धरणाच्या सांडव्यासारखे हे काम आहे. पाणी पातळीवर गेले की सांडव्यातून जाते, भिंत वाचते. पण सांडवा थोड्या वेळाच्या पुरासाठी असतो. एमओव्हीही मायक्रोसेकंदांच्या झटक्यासाठी बनवलेला असतो. ३६४ व्होल्ट पाच मिनिटे टिकले, तर तो सतत वाहत राहतो, तापतो आणि जळतो. चांगल्या सर्ज प्रोटेक्टरमध्ये म्हणूनच थर्मल फ्यूज असतो. तो एमओव्ही तापताच त्याला पुरवठ्यापासून तोडतो.

दुसरी गोष्ट, एमओव्ही झिजतो. प्रत्येक मोठ्या झटक्यानंतर त्याची ताकद थोडी कमी होते. म्हणजे सर्ज प्रोटेक्टर कायमचा नसतो, तो बदलावा लागतो.

या लेखासाठी आमच्या घरातला ‘स्पाइक गार्ड’ लिहिलेला एक जुना बोर्ड प्लग काढून उघडला. आत पितळी पट्ट्या, वायरी, एक स्विच आणि लाल दिवा. एमओव्हीचा पत्ताच नव्हता. म्हणजे अनेक वर्षे तो निव्वळ एक्स्टेन्शन बोर्ड होता आणि घरात सगळे निर्धास्त होते. ‘स्पाइक गार्ड असूनही टीव्ही का गेला’ याचे एक उत्तर तिथेच मिळाले.

आधी अर्थिंग, मग खरेदी

एमओव्ही झटका वळवतो तो अर्थिंगकडे. तिकडे वाट नसेल तर? चांगल्या सर्ज प्रोटेक्टरमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्हीकडे संरक्षण असते. अर्थिंग नसल्यास त्यातले फक्त पहिले उरते. शिवाय झटका अर्थच्या तारेवर अडकून त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या उपकरणात शिरू शकतो.

‘टीव्हीला तर दोनच पिना असतात’ असा युक्तिवाद होतो. पण सर्ज प्रोटेक्टरला तीन लागतात. त्याचा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवण्यासाठी मोठी पिन काढून टाकणे किंवा कन्व्हर्टर लावणे म्हणजे संरक्षणाचा मोठा भाग हाताने काढून टाकणे.

जुन्या घरांत एक गोष्ट हमखास तपासा. पूर्वी अनेक वायरमन अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला जोडत. नंतर पाइप बदलून प्लॅस्टिकचे आले आणि अर्थिंग कधी गेले ते कोणाला कळलेही नाही. सॉकेटला तिसरे छिद्र आहे, आत हिरवी वायरही आहे, पण ती जमिनीपर्यंत पोहोचतच नाही.

दुसरा मुद्दा जमिनीचा. पारनेर, पाथर्डी, संगमनेरचा पठार भाग अशा कोरड्या, मुरमाड, खडकाळ जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कमजोर पडते. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरतात आणि उन्हाळ्यात पाणी घालायला सांगतात ते ओलावा टिकावा म्हणून. वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा जमीन सर्वांत कोरडी असते, हेही लक्षात ठेवा.

तपासणी वायरमनकडूनच करून घ्या. त्याला दोन गोष्टी सांगा :

१. नुसत्या मल्टिमीटरवर विश्वास ठेवू नका. फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्ट दिसले तरी अर्थिंग कमजोर असू शकते, कारण मीटर जवळपास काहीच प्रवाह घेत नाही. फेज-अर्थमध्ये १०० वॅटचा साधा बल्ब लावला तर खरे कळते. बल्ब मंद लागला तर अर्थिंग कच्चे आहे. घरात आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच तो पडेल. ते बिघाडाचे लक्षण नाही. अर्थपर्यंत वाट आहे, एवढे त्यातून समजते. नेमके मोजमाप अर्थ टेस्टरने होते.

२. न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्टेज मोजा. ते दोन-तीन व्होल्टच्या आसपास असावे. बरेच जास्त असेल, तर न्यूट्रलचा जोड सैल आहे किंवा अर्थिंग खराब आहे.

पाकिटावर काय वाचायचे?

दुकानात ‘चांगल्यातला द्या’ म्हणण्याऐवजी पाकीट उलटे करून पुढील गोष्टी पाहा :

• जूल : किती ऊर्जा सोसेल याचा आकडा. पाकिटावर जूल लिहिलेच नसतील, तर तो साधा एक्स्टेन्शन बोर्ड समजा. टीव्ही, संगणकासाठी ६०० जूल किंवा अधिक बघा.

• क्लॅम्पिंग व्होल्टेज किंवा प्रोटेक्शन लेव्हल : झटक्यातले किती व्होल्ट उपकरणापर्यंत पोहोचतील, तो आकडा. हा जितका कमी तितका चांगला. आंतरराष्ट्रीय मानकांत साध्या घरगुती उपकरणांनी २,५०० व्होल्टचा आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी १,५०० व्होल्टचा क्षणिक झटका सोसावा असे धरलेले आहे. म्हणून १,५०० पेक्षा कमी असलेला घ्या.

• सतत सोसण्याचे कमाल व्होल्टेज : बहुतेकांवर २७५ किंवा ३२० असते. जिथे रात्री लोड कमी झाल्यावर व्होल्टेज २६०-२७० पर्यंत चढते, तिथे २७५चा एमओव्ही लवकर झिजतो. गावाकडच्या लाइनला ३२० चा बरा.

• कमाल सर्ज करंट : किलोअँपिअरमध्ये असतो. पुढे ‘८/२० मायक्रोसेकंद’ असे लिहिलेले असल्यास आकडा मानक चाचणीच्या पद्धतीने दिलेला आहे असे समजावे.

• थर्मल संरक्षण आणि ‘प्रोटेक्टेड’ दिवा : हा दिवा चालू-बंदच्या दिव्यापेक्षा वेगळा असतो. तो विझला, की सॉकेट चालू असले तरी संरक्षण संपलेले असते. बोर्ड बदला.

• अँपिअर : १० अँपिअरचा बोर्ड साधारण २,३०० वॅटपर्यंत. गिझर, इस्त्री, हीटर, एसी त्यावर लावू नका. एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका.

• आयएसआय चिन्ह : खाली दिलेला परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खरा की खोटा ते पाहता येते. मात्र प्लग-सॉकेटचे चिन्ह त्यांच्या सुरक्षिततेपुरते असते. सर्ज सोसण्याच्या ताकदीसाठी वरचे आकडेच पाहावे लागतात.

कशासाठी काय घ्यायचे?

टीव्ही, संगणक, राउटर, सेट-टॉप बॉक्स : वरच्या निकषांत बसणारा सर्ज प्रोटेक्टर.

फ्रिज आणि एसी : यांना कमी व्होल्टेजचा त्रास अधिक. लाइट जाऊन लगेच आली, तर कॉम्प्रेसरवर ताण येतो. यांना क्षमतेनुसार स्टॅबिलायझर लावा, त्यात दोन-तीन मिनिटांचा टाइम डिले असावा. स्टॅबिलायझर व्होल्टेज हळूहळू सावरतो, मायक्रोसेकंदांचा झटका तो पकडू शकत नाही.

इन्व्हर्टरवर असलेली उपकरणे : लाइट असताना बहुतेक घरगुती इन्व्हर्टर बाहेरचाच पुरवठा पुढे पाठवतात. त्यामुळे ‘इन्व्हर्टर आहे, काळजी नाही’ हा समज चुकीचा आहे. ‘यूपीएस मोड’वर ठेवल्यास व्होल्टेज साधारण २६० च्या वर गेल्यावर तो बॅटरीवर जातो, तेवढी मदत होते.

न्यूट्रल तुटण्यापासून संपूर्ण घर : मीटरनंतर मुख्य बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेच्या, उदाहरणार्थ १८० ते २६० च्या बाहेर गेले, की तो घराचा पुरवठा तोडतो आणि ते स्थिर झाल्यावर थोड्या वेळाने जोडतो. त्यावर व्होल्टेजचा आकडाही दिसतो. घराच्या एकूण लोडनुसार त्याची अँपिअर क्षमता वायरमनकडून ठरवून घ्या. घरात थ्री फेज मीटर असेल, तर तीन फेजसाठी असलेला प्रोटेक्टर हवा. कारण घरातल्याच मुख्य न्यूट्रलचा जोड सुटला, तरी तोच प्रकार घडतो.

विजेच्या सर्जपासून संपूर्ण घर : मुख्य बोर्डातच बसणारा ‘टाइप २’ एसपीडी. तो मोठा झटका दारातच बराचसा अडवतो, उरलेला टीव्हीजवळचा सर्ज प्रोटेक्टर पाहतो. त्याची जोडणी करणारी तार जितकी आखूड तितके काम चांगले. अर्धा मीटरपेक्षा लांब नको. इमारतीवर वीजरोधक असेल तर ‘टाइप १’ किंवा ‘टाइप १+२’ लागतो. गच्चीवरचा वीजरोधक इमारत वाचवतो, टीव्ही नाही.

छतावर सोलर असल्यास : पॅनेलकडून येणाऱ्या डीसी बाजूलाही वेगळा एसपीडी असतो. पॅनेल बसवून देणाऱ्याकडून तो आणि त्याचे अर्थिंग प्रत्यक्ष दाखवून घ्या.

झटका केबलमधूनही येतो

टीव्हीचा प्लग काढला, पण डिशची किंवा केबलची वायर तशीच राहिली. सीसीटीव्हीचा कॅमेरा गच्चीवर, त्याची तांब्याची वायर थेट हॉलमधल्या रेकॉर्डरपर्यंत. ही झटक्याची दुसरी वाट आहे. प्लगजवळ कितीही चांगला सर्ज प्रोटेक्टर असला, तरी एचडीएमआय पोर्ट किंवा राउटरचे लॅन पोर्ट जळते ते यामुळे. ऑप्टिकल फायबर काचेचा असल्याने त्यातून वीज येत नाही. तिथे फक्त ॲडॉप्टर सांभाळावा लागतो.

वीज कडाडत असताना

अगदी जवळ कोसळलेल्या विजेपुढे घरगुती सर्ज प्रोटेक्टर टिकेल याची खात्री नाही. खरे संरक्षण एकच : प्लग काढणे. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण बटणातले काही मिलिमीटरचे अंतर मोठ्या झटक्याला अडवू शकत नाही आणि साधे बटण न्यूट्रल तोडत नाही.

हे काम वादळ पोहोचण्याआधी करा. कडकडाट सुरू झाल्यावर वायरी, प्लग, डिशची केबल यांना हात लावू नका. टीव्ही पुन्हा घेता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधील विजांचा इशारा देते. शेतात जाणाऱ्यांच्या फोनमध्ये ते असायलाच हवे. घरातल्यांना प्लग काढायला तेवढा वेळ पुरतो.

दिवे अचानक प्रखर झाले तर

काही दिवे प्रखर, काही मंद किंवा पंखा एकदम जोरात फिरू लागला, तर न्यूट्रलचा बिघाड असू शकतो. एकेक उपकरण बंद करत बसू नका. आधी मेन स्विच पाडा, मग शेजाऱ्यांना सांगा. कारण तुम्ही लोड कमी केल्यावर उरलेल्या घरांतले व्होल्टेज बदलते.

त्यानंतर महावितरणच्या १९१२, १८००-२१२-३४३५ किंवा १८००-२३३-३४३५ या क्रमांकांवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. खांबावर किंवा डीपीवर स्वतः चढू नका, गावातल्या ‘जमते मला’वाल्यालाही चढू देऊ नका.

उपकरणे जळाली असतील, तर तारीख, वेळ, फोटो आणि दुरुस्तीची बिले जपून ठेवा. किती घरांत नुकसान झाले ते एकत्र लिहून स्थानिक कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि पुढे विद्युत लोकपालांकडे जाता येते. तोंडी तक्रारीचा तिथे उपयोग होत नाही. उपकरणाच्या वॉरंटीत व्होल्टेजमुळे झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते, हेही कार्डावर वाचून घ्या.

पैसे मोजकेच असतील तर क्रम काय?

सगळे एकदम घेणे प्रत्येकाला जमत नाही. मग हा क्रम ठेवा :

१. अर्थिंग तपासणे आणि दुरुस्त करणे. यात टीव्हीच नाही, माणसेही वाचतात.
२. न्यूट्रल तुटण्याचे प्रकार होत असतील, तर मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर.
३. टीव्ही-राउटरसाठी जूल लिहिलेला सर्ज प्रोटेक्टर.
४. घर उघड्यावर, माळावर किंवा लांबच्या ओव्हरहेड लाइनच्या टोकाला असेल, तर टाइप २ एसपीडी.

आणि आज संध्याकाळी फुकटात होणारे एक काम : टीव्हीमागचा बोर्ड पुढे ओढा, त्यावर जूलचा आकडा आहे का आणि ‘प्रोटेक्टेड’ दिवा लागतोय का ते पाहा. दोन्ही नसेल, तर पुढच्या वळवाच्या आधी प्लग काढायची सवय लावा.